आठव्या दिवशी सेंटरिंग काढलं, जबाबदार कोण?

प्रश्न : जुळे सोलापुरात स्वतःसाठी घर बांधतोय. मजुरीचा ठेका ४ लाख ८० हजारांचा, तोंडीच ठरलेला. एप्रिलमध्ये स्लॅब टाकला. ठेकेदाराने आठव्याच दिवशी सेंटरिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) खोलून दुसऱ्या कामावर नेलं. हॉल साडेसोळा फूट रुंद, मध्ये बीम नाही. आता खालून भेगा आणि झोळ दिसतोय. तो म्हणतो, तुम्ही पाणी कमी मारलं. वर राहिलेले १ लाख २० हजार मागतोय.

उत्तर : दादा, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि तो सांगेल तिथे टेकू द्या. तोवर त्या हॉलमध्ये कुणाला झोपू देऊ नका. कायद्यालाही हेच अपेक्षित आहे. करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना, नुकसान आवरायला तुमच्या हातात काय उपाय होते तेही पाहतात.

पाणी आणि सेंटरिंग या दोन गोष्टी ठेकेदार मुद्दाम एकत्र करतोय. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून जास्त असेल तर १४ दिवस ठेवायचे. तुमचं अंतर पाच मीटर. हे दिवसही साध्या ओपीसी सिमेंटचे. पीपीसीला, म्हणजे फ्लाय ॲश (राख) मिसळलेल्या सिमेंटला, ताकद आणखी सावकाश येते. म्हणून सिमेंटची बिलं आणि एखादी रिकामी गोणी जपून ठेवा.

पाणी मारणं तुमच्याकडे होतं का? उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस स्लॅब ओला हवा, पीपीसी असेल तर १४ बरे. नळाला रोज पाणी नाही म्हणून खाडे झाले असतील तर लपवू नका; भरपाई थोडी कमी होऊ शकते. पण पाणी कमी पडतंय हे दिसत होतं, तर टेकू उलट जास्त दिवस ठेवायला हवे होते. त्याचा बचाव त्याच्याच अंगाशी येतो.

कोअर, म्हणजे स्लॅबमधून यंत्राने कापलेले काँक्रीटचे गोल नमुने, काढून तपासा, तारीख ठेकेदाराला आधी लेखी कळवा. तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकेक कोअर ७५ टक्क्यांच्या वर असेल तर काँक्रीट चालतं. मात्र कोअर चांगला आला म्हणून तुमची बाजू पडत नाही. तो आजची ताकद सांगतो, आठव्या दिवशीची नाही. तुमचा खरा पुरावा म्हणजे ती तारीख: सेंटरिंग नेताना झालेले मेसेज, फोटो, शेजाऱ्यांची साक्ष. तो मोबाइल विकू नका, मेसेज पुसू नका. भेगा बुजवण्याआधी फोटो काढा.

तोंडी करारही चालतो. दिलेल्या पैशांच्या नोंदी दाखवा. वकिलामार्फत नोटीस द्या, नाही ऐकलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. १ लाख २० हजार देऊ नका, पण गप्पही बसू नका. दुरुस्तीचा खर्च ठरेपर्यंत रक्कम रोखली आहे, असं नोटिशीतच लिहा.