कोरियन लेखिकांच्या कथा वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

के-ड्रामा बघता बघता पुस्तकांकडे वळलात, हान कांगची 'द व्हेजिटेरियन' ही कादंबरी घेतलीत आणि अर्ध्यात मिटून ठेवलीत, असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच जणांचं तसं होतं. हान कांगना २०२४चं साहित्याचं नोबेल मिळाल्यापासून जो तो तिथूनच शिरतो. मी तुम्हाला आधी लघुकथांकडे पाठवेन.

पहिली ओ जंग-ही यांची 'चायनाटाउन'. कथा १९७९ची, काळ कोरियन युद्ध संपल्यानंतरचा, जागा इंचॉन बंदरातली एक कळकट वस्ती. सांगणारी मुलगी नऊ वर्षांची. पोरं मालगाडीखाली घुसून कोळसा चोरतात, कारण तिथे कोळसा म्हणजे रोकड. दुकानात दिला की खाऊ मिळतो. हिची आई आठव्यांदा गरोदर. मैत्रीण हिला सहज सांगून टाकते, मी मोठी झाले की अमेरिकन शिपायांची बाई होणार. त्या मैत्रिणीच्याच घरात मॅगी नावाची तशी एक बाई राहते ना! पुढे मॅगीचं काय होतं ते सांगत नाही. पण ते घडतं तेव्हाही ही मुलगी आपल्याला काय वाटलं ते सांगत बसत नाही. दिसलं ते सांगते, वास सांगते, पिवळा रंग सांगते. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, मधली दोन पानं गळाली की काय! दुसऱ्यांदा वाचताना कळलं की ती गळालेली पानं हीच कथा आहे. शेवटचं वाक्य एवढंसं आहे, आधी उघडून बघू नका.

मग चोई उन-यंग यांचा 'शोकोज स्माइल' हा संग्रह. त्यातली 'शिन चाओ, शिन चाओ' (व्हिएतनामीत 'नमस्कार') वाचाच. जर्मनीत शेजारी राहणारी दोन कुटुंबं, एक कोरियन, एक व्हिएतनामी. दोन्ही घरच्या आयांचं मेतकूट जमलेलं. एकदा जेवताना कोरियन मुलगी शाळेत शिकलेलं वाक्य अभिमानाने म्हणते, आम्ही कधी कुणावर आक्रमण केलेलं नाही. समोर बसलेल्या बाईंचं अख्खं कुटुंब व्हिएतनाम युद्धात कोरियन सैनिकांनी मारलेलं असतं. तिथून ती मैत्री कशी विरत जाते, ते अगदी हळू आवाजात सांगितलंय.

हे फार गंभीर वाटलं तर जांग र्यू-जिन यांची 'कामाची सुखदुःखं' (मराठी नाव माझं). २०१८ची, आयटीवाल्यांसाठी तर खासच. एका बाईवर तिच्या कंपनीचा अध्यक्ष रुसतो आणि तिचा पगार रोख न देता कार्डाच्या पॉइंटमध्ये द्यायला लावतो. मग ती त्या पॉइंटांवर वस्तू घेऊन अ‍ॅपवर विकत सुटते. हसू येतं, आणि मग आपलीच अप्रेझलची मीटिंग आठवते.

जुनं हवं असेल तर ना हे-सोक यांची १९१८ची 'क्यंगहुई' आहे, टोकियोहून सुट्टीला घरी आलेल्या मुलीची. तिथे मुलींच्या शिक्षणावर थोडं भाषण ऐकावं लागतं, पण त्या काळात ते भाषण करणं हीच मोठी गोष्ट होती.

एक सांगतो. हे सगळं मी इंग्रजीतून वाचलंय, आणि कोरियन नात्यांची नावं इंग्रजीत अवघडतात. 'ओन्नी' म्हणजे सरळ आपली 'ताई', सख्खी असो वा ओळखीतली. पार्क वान-सो यांची एकसारख्या फ्लॅटांवरची एक कथा आहे, १९७४ची. त्यात शेजारीण म्हणजे नुसती 'चॉलची आई'. इंग्रजीत ते विचित्र वाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दहा वर्षं राहिलेल्या 'बंटीच्या आई'चं नाव मला लेटरबॉक्सवरून कळलं होतं, त्यामुळे मला काही विचित्र वाटलं नाही. वाचताना मनातल्या मनात मराठी करत चला.

एवढं झालं की हान कांगचीच 'द फ्रूट ऑफ माय वुमन' ही १९९७ची कथा घ्या. फ्लॅटच्या बाल्कनीत बायको हळूहळू झाड होते आणि आपल्याला ते सांगतो तिचा नवरा. 'द व्हेजिटेरियन'चं बी तिथलंच. मग जिथे खूण घालून ठेवलीत तिथून पुढे वाचा.