कामावरून आल्यावर बीफ-बटाट्याचं कॅसरोल जमेल का? जमेल, पण खिम्याचं करा आणि पाणी आटवा

तुम्ही विचारलंय की नाशिकला नवीन आलोय, दोघंही नोकरीवाले, घरी यायला सात वाजतात, नेटवर तिकडची बीफ आणि बटाट्याच्या कॅसरोलची रेसिपी बघितली, घरात छोटा ओटीजी (भाजायचा इलेक्ट्रिक ओव्हन) आहे, तर हे आठवड्यातल्या साध्या दिवशी रात्री होईल का आणि बीफच्या जागी काय घ्यायचं. मी सातपूरला कंपनीत आहे, बायको हॉस्पिटलात, तिची ड्युटी कधी सकाळची कधी रात्रीची, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि हा प्रकार महिन्यातून दोनदा तरी होतोच, म्हणून लिहितोय.

आधी नावाचा घोळ. आमच्या घरात कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा. पहिल्यांदा मी आज कॅसरोल करतोय म्हणालो तर आमचे नाना म्हणाले, करतो काय, आहे की वर फळीवर. तेव्हापासून आम्ही त्याला खिम्याचा केक म्हणतो. खरं सांगायचं तर हे एक मोठ्ठं खिमा पॅटिसच आहे, फक्त एकेक वळत बसायचं नाही, ट्रेमध्ये थर लावायचे आणि भाजायचं. हे डोक्यात ठेवलं की रेसिपीची भीती वाटत नाही.

बीफचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी-रेड्याचं मटण मिळतं, ज्याला आपल्याकडे मोठ्याचं म्हणतात. तुमच्याकडे चालत असेल तर त्याचा खिमा घ्या, चव मूळ रेसिपीच्या जास्त जवळ जाईल, फक्त शिट्ट्या दोन-तीन जास्त लागतील. आम्ही बकऱ्याचाच घेतो. आणि त्यात काही कमीपणा नाही, इंग्लंडातच या पदार्थाचे दोन प्रकार आहेत, गोमांसाचा तो कॉटेज पाय (इंग्रजीतला pie) आणि मेंढीच्या मटणाचा तो शेफर्ड्स पाय, म्हणजे मेंढपाळाचा. आपण दुसऱ्याच्या जवळपास आहोत एवढंच.

मटणवाल्याला रानाचा, म्हणजे मांडीचा, खिमा सांगा, थोडी चरबी राहू द्या म्हणा, आणि मशीनमधून एकदाच काढायला सांगा. दोनदा काढला की शिजल्यावर त्याचा रवा होतो. चौघांना अर्धा किलो खिमा आणि पाऊण किलो बटाटा पुरतो.

आता मुद्द्याचं. या पदार्थाची वाट लागते ती फक्त पाण्याने. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नेहमीसारखा अंगाबरोबर रस्सा ठेवून खिमा केला, वर बटाटा थापला, भाजायला ठेवला आणि वीस मिनिटांनी बघतो तर बटाटा मध्ये खचलेला आणि कडेने लाल तेलाचे बुडबुडे येतायत, पोरगी म्हणाली पप्पा गोदावरीला पूर आला. खाल्लं सगळ्यांनी, पण वाटीतून, चमच्याने. तर खिमा असा आटवायचा की उलथन्याने कढईच्या मधोमध रस्ता काढला तर तो तसाच राहिला पाहिजे, दोन्हीकडून पाणी सुटून परत भरायला नको.

कृती अशी. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात चांगले तांबूस करा. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांद्यात कंजूषी करू नका, पण हिवाळ्यातला लाल कांदा असेल तर त्याला पाणी जास्त असतं, परतायला वेळ द्या, उन्हाळ कांदा लवकर होतो. मग आठ-दहा पाकळ्या लसूण, इंचभर आलं, एक गाजर अगदी बारीक, एक टोमॅटो, आणि खिमा टाकून मोठ्या आचेवर परता. गॅस मोठा म्हणजे मोठाच, खिम्याचा गुलाबी रंग जाऊन कढईला तळाशी जरा लागायला लागला पाहिजे, चव तिथेच आहे. एक चमचा कणीक भुरभुरा, मिनिटभर परता, मीठ, मिरपूड भरपूर, अर्धा चमचा तिखट, अर्धा कप पाणी आणि कुकरला तीन-चार शिट्ट्या. उघडल्यावर अर्धा चमचा व्हिनेगर टाका आणि वर सांगितलं तसं आटवा. मटार सीझनमध्ये असेल तर आटवताना मूठभर. काळा मसाला घालायचा मोह होईल, मलाही होतो, पण पाव चमच्याच्या वर गेलात की बटाट्याखाली मटणाचा रस्सा लपवल्यासारखं लागतं. हा पदार्थ मुळात सौम्य आहे, झणझणीत पाहिजे त्याने ताटात ठेचा घ्यावा.

बटाट्याचं जास्त लक्ष देऊन वाचा, कारण इथे बहुतेक लोक चुकतात. बटाटा पाण्यात बुडवून उकडू नका. वरण-भाताचा कुकर लावतो तसा लावा, तळाला पाणी, वर डब्यात सालासकट अर्धे केलेले बटाटे, डब्यात एक थेंब पाणी नाही, चार शिट्ट्या. वाफेवर शिजलेला बटाटा कोरडा राहतो. गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. हो, पुरणयंत्रातून. होळीनंतर वर्षभर माळ्यावर पडून असतं ते, त्यातून बटाटा असा मोकळा पडतो की एक गुठळी राहत नाही. नसेल तर पावभाजीचा मॅशर. मिक्सरमध्ये मात्र चुकूनही नको, मिक्सरची पाती बटाट्यातला सगळा स्टार्च बाहेर काढतात आणि त्याची खळ होते, पोस्टर चिकटवायला घ्या हवं तर. त्यात दोन चमचे बटर, पाव कप गरम दूध, मीठ, मिरपूड. दूध गरमच. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा नवा बटाटा, ज्याचं साल नखाने निघतं, तो भाजीला छान पण याला नको, चिकट होतो. जुना घ्या. आणि फ्रीजमध्ये ठेवलेला बटाटा वापरू नका, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि वरचा थर गोडसर लागतो.

ट्रेला बटर, खाली खिमा दाबून, तो जरा निवला की वर बटाटा, कडेपासून मध्याकडे पसरवत या म्हणजे खिमा वर येत नाही. वरून काट्याने रेघा ओढा, शेतात नांगर फिरवल्यासारख्या, त्या रेघांचे कंगोरेच कुरकुरीत होतात. चीजचा एक क्यूब किसून टाकला तर पोरं खूश, नाही टाकला तरी चालतं. ओटीजी २०० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापवा, २०-२५ मिनिटं ठेवा, शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, नाहीतर वडी पडत नाही. ओटीजी १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा, आम्ही मोबाईल चार्जिंगच्या साध्या बोर्डला लावून प्लग वितळवून बसलोय.

आता कामाच्या दिवशी कसं जमवायचं. सगळं त्याच दिवशी केलं तर दीड-दोन तास जातात आणि नऊ वाजता जेवायला बसताना तुम्ही मला शिव्या द्याल. मी रविवारी एक किलोचा खिमा शिजवतो, अर्धा त्या दिवशी पावाबरोबर, अर्धा निवला की लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये. मंगळवारपर्यंत करणार असाल तर खाली, त्यानंतर असेल तर फ्रीजरला, आणि त्या दिवशी सकाळीच खाली काढून ठेवायचा. मग संध्याकाळी काम उरतं ते बटाट्याचं. सव्वासातला कुकर, तो होईपर्यंत आंघोळ, पावणेआठला थर, सव्वाआठला पानं. थर लावून भरलेला अख्खा ट्रेही आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवता येतो, पण काचेचा असेल तर थंडगार उचलून तापलेल्या ओटीजीत घालू नका. मी घातला. टण्ण करून आवाज आला, ट्रेचे दोन तुकडे, आणि त्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली. आता मी स्टीलचा पसरट डबा वापरतो, ॲल्युमिनियमच्या केकच्या भांड्यात टोमॅटोचा खिमा रात्रभर ठेवायला मला नको वाटतं.

लाईट गेली तर, आणि पावसाळ्यात जातेच, गॅसवर होतं. जाड बुडाच्या पॅनमध्ये चमचाभर तूप, बटाट्याचा पातळ थर, खिमा, परत बटाटा, झाकण, मंद आचेवर पंधरा मिनिटं, शेवटची पाच झाकण काढून. मग थाळी ठेवून उलटं करायचं. खालची बाजू पॅटिससारखी खरपूस येते, मला तर ओटीजीपेक्षा हेच जास्त आवडतं पण बायकोला सांगू नका, ओटीजी माझ्याच हट्टाने आणलाय.

घरात कोणी मटण खात नसेल तर वेगळ्या डब्यात अख्ख्या मसुराचं करा, भिजवून शिजवलेला, सुकं परतलेला. वहिनी आल्या की मी तसं करतो. सोया ग्रॅन्युल्स पण चालतात, मला त्यांचा वास आवडत नाही ही गोष्ट वेगळी.

बरोबर काकडीची कोशिंबीर आणि पाव पुरे. नाना भाकरी मागतात, बटाट्याबरोबर भाकरी कशी लागते विचारू नका, पण ते दोन वेळा वाढून घेतात. उरलंच तर सकाळी वड्या कापून तव्यावर तेल सोडून दोन्हीकडून लाल करा आणि डब्यात न्या, माझ्या लाईनवरची पोरं मंगळवारी केलंय कळलं की बुधवारी डबा उघडायच्या आधीच येऊन उभी राहतात. तुमचा ओटीजी किती लिटरचा आहे ते लिहा, ट्रेचं माप सांगतो.