पाझर तलावाच्या पायथ्याला धार लागलीय, सांडव्यावर पोती टाकू का, भरावावरची झाडं तोडू का? तुमच्या प्रश्नांची उत्तरं

शेतकरी बांधवांनो, रामराम. गेल्या आठ-दहा दिवसात सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यांमधून तलावांबद्दल इतके फोन आणि मेसेज आलेत की प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. प्रश्न तसे तीनच आहेत. एका दादांनी विचारलंय, "साहेब, गावच्या पाझर तलावाच्या खालच्या अंगाला ओल आलीय, एका जागी करंगळीएवढी धार लागलीय. म्हातारी माणसं म्हणतायत पाझर आहे, चांगलं आहे, पोरं म्हणतायत फुटणार. काय खरं?" दुसरे एक डाळिंबवाले, त्यांना सांडव्यावर, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जातं त्या वाटेवर, मातीची पोती रचून फूटभर पाणी वाढवायचंय. आणि एका ताईंनी विचारलंय की भरावावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, करंज आणि बाभळी वाढल्यात त्या ठेवू का काढू, शिवाय शेजारच्यांना भराव खोदून पाइपलाइन टाकायचीय तर हरकत घेऊ का.

आधी धारेचं बघू, कारण त्याला थांबून चालणार नाही. दादा, तुमची म्हातारी माणसंही बरोबर आहेत आणि पोरंही. पाझर तलाव हा पाणी साठवून ठेवायला बांधलेलाच नसतो, ते मुरावं म्हणून बांधलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत तलाव आटला की गावात लगेच बोलतात की फेल गेला, पण खालच्या विहिरी बघा ना, त्या मार्चपर्यंत टिकतायत का. उघड्यावरचं पाणी आपल्याकडे उन्हाळ्यात रोज 8-10 मिलिमीटर नुसतं उडून जातं, जमिनीत गेलेलं उडत नाही. पण पाणी कुठून मुरतंय याला महत्त्व आहे. तलावाच्या तळातून मुरूमात, ठिसूळ मांजऱ्या दगडात जाऊन खाली विहिरीत निघालं तर तो फायदा. तेच पाणी भरावाच्या पोटातून वाट काढत असेल तर तो धोका, आणि दोन्ही पाणी बाहेरून सारखंच दिसतं.

फरक कसा ओळखायचा ते सांगतो. पाण्याची एक रिकामी, स्वच्छ, बिनरंगाची बाटली घ्या, लेबल काढून टाका, धारेखाली धरा आणि भरली की सपाट दगडावर दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. नितळ राहिली तर ठीक, रोज त्याच वेळेला परत भरून बघा आणि धार तेवढीच आहे का वाढलीय हेही बघा, एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजलं की अंदाज येतो. पण बाटलीच्या बुडाला गाळाचा पातळ का होईना थर बसला, मग तो पिवळसर असो का काळा, तर समजा की ते पाणी येताना भरावाची माती घेऊन येतंय. आज चिमूटभर, उद्या मूठभर, आतनं पोकळी वाढत वरच्या पाण्याकडे सरकत जाते आणि एकदा ती तलावाच्या पाण्याला भिडली की मग तासाभराचंही काम राहत नाही. मी पूर्वी दुसऱ्या तालुक्यात असताना एक लहान माती नाला बांध असाच गेलेला पाहिलाय, संध्याकाळी पायथ्याला वाळू उकळल्यासारखी बुडबुड वर येत होती, लोकांनी त्यावर चिखल आणि गोणपाट दाबून बसवलं आणि समाधानाने घरी गेले, सकाळी बांधाच्या मधोमध बैलगाडी जाईल एवढं खिंडार. माणूस गेला नाही हे नशीब, पण खालची तीन एकर ज्वारी आणि एक विहीर गाळाने भरली.

म्हणून सांगतो, गढूळ धार दिसली तर तिला चिखलाने बुजवू नका. पाण्याला बाहेर यायला जागा राहू दे, फक्त माती अडली पाहिजे. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि दगड असे थर त्या जागेवर टाकायचे, हा तात्पुरता इलाज आहे, यानं वेळ मिळतो. तोवर विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, असेल तर उघडून, नसेल तर मोटारी लावून पाणी उतरवायला घ्या. भराव कुणीही खणून फोडायचा नाही, "थोडंसं पाणी काढून देऊ" म्हणून घातलेला चर पाणीच रुंद करत नेतं. आणि खालच्या वस्तीला त्याच रात्री उठवा, तहसीलदारांना कळवा, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077 वर लागतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसेक माणसं गेली, तेही मातीचंच होतं आणि गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. त्यामुळे उगाच घाबरवतोय असं लोक म्हणतील म्हणून गप्प बसू नका.

आता डाळिंबवाले दादा. तुमची अडचण मला पूर्ण समजते, फूटभर पाणी म्हणजे थोडं नाही, तलावाचा पसारा पाच एकर धरला तर साठ लाख लिटरच्या आसपास होतं. तरीसुद्धा माझं उत्तर नाही असंच आहे. सांडवा म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याची वाट नव्हे, भराव ज्याच्या जिवावर उभा आहे ती वाट. मातीच्या भरावावरून पाणी एकदा पलीकडे सांडायला लागलं की तो धुपतच जातो, काँक्रीटसारखा टिकत नाही. हिशोब बघा. शंभर हेक्टरचं पाणलोट, म्हणजे ज्या रानाचं पाणी तलावात येतं ते क्षेत्र, आणि तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस, परतीच्या पावसात आपल्याकडे असा पाऊस होतो हे तुम्हीही पाहिलंय, त्यातलं निम्मं पाणी जरी वाहून आलं तरी अडीच कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे सात हजार लिटर. तलाव आधीच भरलेला असेल तर हे सगळं सांडव्यावरूनच जायचंय. समजा सांडव्यावर दोन फूट जाडीचं पाणी जायला जागा होती आणि तुम्ही एक फूट पोती रचली, तर जागा निम्मी राहिली पण पाणी निम्मं जात नाही, जवळजवळ एक तृतीयांशच जातं, पाण्याचा नियमच तसा आहे. उरलेलं कुठून जाणार? भरावावरून. आणि पोती वाहून जातीलच या भरवशावर राहू नका, त्यात काटेरी झुडपं, प्लास्टिक, उसाचं पाचट येऊन अडकतं आणि पक्की भिंत तयार होते. कुणी आधीच रचली असतील तर आजच काढा, सांडव्याच्या पुढच्या चरातली वेडी बाभूळही तोडून टाका. डाळिंबाचं म्हणाल तर ठिबक, बुडाला आच्छादन आणि बहाराचं नियोजन यातून तेवढं पाणी वाचवता येईल, त्यासाठी बागेत यायला मी तयार आहे.

ताई, तुमच्या झाडांबद्दल. भरावावर गवत हवं, झाड नको. हरळी, पवना, मारवेल असं गवत माती धरून ठेवतं आणि गवत कापून नेलं की पायथा नीट दिसतो, ओल कुठंय ते कळतं. झाडाच्या मुळ्या काळ्या मातीच्या गाभ्यापर्यंत जातात. अंगठ्याएवढी रोपं आताच मुळासकट उपटा. पण मोठी झालेली करंज आणि बाभूळ घाईने तोडू नका, मूळ आत राहून कुजलं की तिथं नळीच तयार होते, आणि तलाव भरलेला असताना बुंधा उकरणं त्याहून वाईट. पाणी उतरल्यावर अभियंत्याला दाखवून, मुळं काढून, खड्डा थराथराने ओलवून धुम्मस मारून, म्हणजे ठोकून दाबून, भरायचा. खेकड्यांची आणि घुशींची बिळं दिसली तर त्यांनाही हीच रीत, नुसता वर दगड ठेवून भागत नाही. आणि भेगांकडेही बघा, लांबीला समांतर भेगेपेक्षा भरावाला आडवी गेलेली भेग जास्त वाईट, तिच्यातून पाणी सरळ आरपार जायला वाट मिळते.

पाइपलाइनला तर तुम्ही हरकत घ्याच, अगदी लेखी घ्या. भराव खोदून पाइप टाकला की पाइपाच्या कडेची माती कधीच पहिल्यासारखी दाबली जात नाही आणि पाणी पाइपाच्या बाहेरून वाट धरतं. परवानगी असेल तर पाइप भरावाच्या वरून न्या. तसंच गाळ काढताना, गाळ शेताला सोनं आहे, जरूर न्या, पण जेसीबीवाल्याला भरावाच्या पायथ्याजवळ खणू देऊ नका, मी तरी तीस-चाळीस मीटर सोडूनच सांगतो आणि भरावाची माती किंवा पिचिंगचा, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेला, दगड तर कुणीही उचलायचा नाही.

हे सगळं तुम्हालाच का सांगतोय, तर आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळी कामातले, म्हणजे पन्नाशी ओलांडलेले. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांना लागू आहे, आपले तलाव बहुतेक त्याच्या खालीच राहतात. दुरुस्तीसाठी लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आणि माती नाला बांध बहुतेक आमच्या कृषी खात्याने केलेले, तुमचा कुणाचा ते ग्रामपंचायतीत कळेल, अर्ज द्या आणि पोच घ्या. रोज जाऊन बघणारं मात्र गावातलंच कुणीतरी ठरवा, सकाळी एक चक्कर आणि मोठा पाऊस झाला की लगेच एक, तीही भरावावरून नव्हे, खालून पायथ्याने चालत.

धारवाले दादा, तुम्ही आजच बाटली भरा आणि न हलवता, बुडाचा थर दिसेल असा उन्हात धरून फोटो पाठवा. त्यासोबत धारेचं अंतर सांडव्यापासून किती पावलं आहे तेही लिहा, म्हणजे अभियंत्यांना घेऊन येताना जागा शोधायला वेळ जाणार नाही.