रोज सायकल मारूनही चढाला पाय का गळतात?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वय 46, नोकरी बसून करायची. आठ महिने झाले, रोज पहाटे तासभर रंकाळ्याभोवती सायकल मारतो. सपाटीला दम लागत नाही. पण रविवारी पन्हाळ्याला निघालो की वाघबीळच्या पुढं मांड्या भरून येतात आणि उतरून सायकल ढकलावी लागते. गुडघ्याची वाटीही पुढून दुखते. सायकल बंद करून जिम लावू का? वडील म्हणतात, जिम कशाला, बैठका मार.

उत्तर : सायकल बंद करू नका. आधी गुडघ्याचं बघू, कारण ते अंगावर काढायचं दुखणं नाही. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडा बाक उरतो, तेवढाच हवा. सीट खाली असेल तर प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. कॉलेजात मी धाकट्या भावाची सायकल वर्षभर तशीच चालवली आणि रोज रात्री गुडघ्याला तेल चोळत बसले. सीट दोन बोटं वर घेतली, महिन्याभरात दुखणं गेलं. तुम्ही मात्र थोडी थोडी वर घ्या. गुडघा मागून दुखायला लागला तर समजा, जास्त वर गेली. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता ताकद. पॅडल मिनिटाला 70 वेळा फिरतं असं धरलं, तर तासाभरात एकेका पायानं 4,200 वेळा दाब दिला. जे काम पाय 4,200 वेळा करतो ते त्याला जड नसतंच. त्यानं दम वाढतो, पण आणखी बळकट व्हायचं कारण स्नायूला मिळत नाही. घाटात प्रत्येक दाब जड होतो आणि तिथं तुमचे पाय कमी पडतात.

वडिलांचं मी खोडणार नाही. माझे वडील तालमीत रोज 500 बैठका मारायचे. पहाटे घरी आले की अंगाला तांबड्या मातीचा वास यायचा. पण पैलवानाचं काम बैठकांवर संपत नाही. आखाड्यात समोरचा गडी रेटायचा, उचलायचा असतो, ते खरं वजन. तुम्ही नुसत्या बैठकांचा आकडा वाढवत गेलात तर ती सायकलचीच दुसरी तऱ्हा झाली.

म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी जिम, म्हणजे रविवारच्या घाटाला पाय ताजे राहतील. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करा. टाचा जमिनीवर, गुडघे पावलांच्या रेषेत, वाटी दुखणार नाही एवढंच खाली. खाली जाताना मनात तीन मोजा. हे मुद्दाम सांगते, कारण भार सोसत सावकाश खाली यायचं काम सायकलवर मांडीला पडतच नाही. जोतिबाच्या पायऱ्या उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात ना, ते त्याच कामामुळं. मांडीच्या मागच्या बाजूसाठी रोमानियन डेडलिफ्ट. म्हणजे हातात वजन धरून, पाठ सरळ ठेवून कंबर मागं न्यायची, पुढं वाकायचं आणि परत उभं राहायचं, आणि पहिल्यांदा ट्रेनरसमोरच. शिवाय एका पायानं बाकावर चढणं. यात कुठला पाय कच्चा आहे ते लगेच कळतं. प्रत्येकी 8 वेळा, 3 सेट.

पहिले दोन आठवडे हलकं वजन. मग असं घ्या की आठव्या वेळेनंतर आणखी दोनच निघतील. आठही सहज जायला लागले की थोडं वाढवायचं. लेग एक्स्टेन्शनचं मशीन, म्हणजे बसून वजनासकट पाय समोर सरळ करायचं, ते वाटी शांत होईपर्यंत नको. जेवणात अंडी, उसळ, दूध वाढवा. पावडरीची गरज नाही.

रंकाळा आठवड्यातून तीन दिवस पुरे. घाटात पाय भरायच्या आधीच हलका गिअर टाका. आणि रविवारी कुठल्या वळणावर उतरावं लागलं ते वहीत लिहीत चला. आठ आठवड्यांनी ते वळण किती वर सरकलं, मला नक्की कळवा.