जुन्या मॉडेल इंजिनाला मागचा दिवा बसवता येईल का?

तुमच्या जुन्या एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या) मॉडेल डिझेल इंजिनाला फक्त पुढे बल्ब आहे आणि ते उलटं धावताना मागचा दिवा लागायला हवा, असं तुम्ही विचारलंय. नक्की जमेल, आणि कराच. रत्नागिरी स्टेशनात इंजिन सुटून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागताना ज्याने पाहिलंय, त्याला मागच्या तोंडाला काळोख असलेलं मॉडेल खटकतंच.

तुमचा कंट्रोलर साधा डीसी आहे असं धरून सांगतो. त्यावर रुळांमधलं प्लस-मायनस उलटलं की इंजिन उलटं धावतं. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे वेगळा स्विच लागत नाही. पण मागे एकटा एलईडी लावून मोकळे होऊ नका. उलट्या दिशेने त्याला साधारण ५ व्होल्टच झेपतात आणि रुळांवर १२ येतात.

त्यापेक्षा पुढचा बल्ब काढून टाका आणि पुढे-मागे दोन पांढरे एलईडी एकमेकांना उलटे जोडा, म्हणजे एकाचा प्लस पाय दुसऱ्याच्या मायनसला. दोघांत मिळून १ किलोओहमचा एकच रेझिस्टर पुरतो. एक पेटला की दुसऱ्यावर फक्त ३ व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणून दोन्ही सुरक्षित राहतात. पूर्ण १२ व्होल्टला जेमतेम ९ मिलिअँपिअर जातात, तेवढ्यात भरपूर उजेड पडतो. चुकीच्या दिशेचा दिवा लागला तर जोडीच्या दोन वायरी अदलाबदल करा, झालं. मूळ बल्ब ठेवायचाच असेल तर त्याच्या वायरीत एक १एन४००७ डायोड घाला (टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हमखास मिळतो) आणि मागच्या एलईडीला, त्याचा रेझिस्टर तसाच ठेवून, दुसरा डायोड उलटा, समांतर लावा.

खरी काळजी घ्यायची ती चॅसीची, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याची. जुन्या इंजिनांत बहुधा एका रुळाची वीज थेट धातूच्या चॅसीतूनच मोटरला जाते. कोणत्या बाजूची चाकं चॅसीला जोडलेली आहेत ते आधी मल्टिमीटरने बघा आणि रेझिस्टर दुसऱ्या बाजूला, वीज उचलणाऱ्या पट्टीलाच टाका. मग एलईडीचा उघडा पाय चुकून चॅसीला लागला तरी दिवा नुसता विझेल. रेझिस्टर चॅसीच्या बाजूला असेल तर त्याच स्पर्शाने तो वगळला जाऊन एलईडी जळेल. उघड्या पायांवर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) तरीही घालाच.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या पट्ट्या पटकन काळ्या-हिरव्या पडतात. चकचकीत होईपर्यंत घासा, मगच सोल्डर करा, आणि फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो लेप) राळेचा वापरा. पत्र्याच्या कामाचा ॲसिडवाला फ्लक्स एका पावसाळ्यात सांधा खाऊन टाकतो. बॉडीचं प्लास्टिक पातळ असेल तर अख्खं तोंड कंदिलासारखं उजळतं, म्हणून ते आतून काळं रंगवा.

या जोडणीत इंजिन थांबलं की दिवेही विझतात, कारण रुळांत वीजच नसते. उभ्या इंजिनाचा दिवा हवा असेल तर डीसीसीवर जावं लागेल, म्हणजे रुळांत सतत वीज ठेवून इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारा कंट्रोलर, आणि त्या आज्ञा ओळखणारा डिकोडर इंजिनात बसवावा लागेल. त्यासाठी मोटरचे दोन्ही ब्रश (मोटरला वीज देणारे कार्बनचे तुकडे) चॅसीपासून पूर्ण वेगळे करा. डिकोडरची निळी वायर दोन्ही दिव्यांचा सामाईक प्लस, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्याची. तेव्हा प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्या आणि आधी सांगितलेली उलट-सुलट जोडी काढून टाका. डीसीसीच्या रुळांवर ती तशीच राहिली, तर पुढचा-मागचा दोन्ही दिवे एकदमच पेटलेले दिसतील.