चार लाखांचा कॅमेरा आणि ३१ डिसेंबर

पत्र (थोडक्यात): मी ३१ वर्षांची, पुण्यात आईबरोबर राहते. एप्रिल २०२२ पासून एका ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीसाठी फोटो काढते. महिन्याचं बिल ४०,०००, दहा टक्के टीडीएस कापून ३६,००० हातात येतात. रात्री कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर इथे बँडचे गिग (लाइव्ह कार्यक्रम) शूट करते, कधी मुंबईलाही जाते. बँड दोन-अडीच हजार देतात, काही फोटोखाली नुसतं नाव, म्हणजे क्रेडिट देतात. त्यातून वर्षाला दीड लाख येतात. कामाचा सगळा खर्च वर्षाला दीड लाख, त्यातला सत्तर हजार गिगचाच. घरखर्चाला महिना ३०,००० देते. क्रॉप (लहान) सेन्सरचा जुना कॅमेरा कमी प्रकाशात फार नॉइज, म्हणजे फोटोत दाणे देतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि दुरून टिपणारी ७०-२०० एफ २.८ झूम लेन्स मिळून ४ लाख १० हजार होतात. २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की २ लाखांची एफडी मोडून उरलेल्याचा ईएमआय करू? यंदा मोठ्या फेस्टिव्हलच्या पिटमध्ये (स्टेजसमोरच्या फोटोग्राफरांच्या जागेत) शिरले की ब्रँडची कामं येतील. मार्च २०२४ मध्ये टॅक्स वाचवायला एक विमा पॉलिसी घेतली आहे, हप्ता वर्षाला ६०,०००, मुदत २० वर्षं, दोन हप्ते भरले. मेडिक्लेम नाही. रिटर्न भरत नाही, कारण तेवढं उत्पन्न नाही. नाव छापू नका.

उत्तर: नाव छापत नाही. कॅमेऱ्याकडे येतो, पण आधी तुमची शेवटची तीन-चार वाक्यं. ती तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि मी तिथेच अडकलो.

तुमच्या बिलातून महिन्याला ४,००० कापले जातात, म्हणजे वर्षाला ४८,०००. मार्च २०२५ पर्यंत तीन आर्थिक वर्षं झाली, म्हणजे १ लाख ४४ हजार. हा टीडीएस म्हणजे कर नव्हे, आगाऊ कापून ठेवलेली रक्कम आहे. तुमची वर्षाची जमा ६ लाख ३० हजार, खर्च दीड लाख, उत्पन्न ४ लाख ८० हजार. या तिन्ही वर्षांत पाच लाखांच्या आतल्या उत्पन्नावर रिबेट (करातली सूट) धरून कर शून्य होतो. म्हणजे कापलेला पैसा सगळाच्या सगळा तुमचा, फक्त तो परत मागायचा असतो आणि मागायची जागा म्हणजे रिटर्न. आणि हो, २०२२ पासूनचा नियम असा आहे की वर्षभरात २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरणं बंधनकारक आहे. ‘तेवढं उत्पन्न नाही’ हे कारण तुम्हाला लागूच नाही.

आता तारखा बघा. हे मी नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस लिहितोय. आर्थिक वर्ष २०२४-२५ चं उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं. उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने विलंब शुल्क १,०००. हजार भरून ४८ हजार परत येत असतील, तर या महिन्यात एक गिग सोडा आणि खर्चाची बिलं घेऊन सीएकडे जा. आधीच्या दोन वर्षांची मुदत गेली. त्यांच्यासाठी कुणी ‘अपडेटेड रिटर्न भरून टाकू’ म्हणालं तर त्याच्याकडून उठा, कारण त्या रिटर्नवर रिफंड मागता येत नाही. त्या वर्षांसाठी विलंब माफ करण्याचा अर्ज आयकर आयुक्तांकडे करावा लागतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो, तेव्हा तुम्हाला अजून वेळ आहे. मंजूर होईलच असं मी सांगणार नाही, आणि झाला तरी त्या रकमेवर व्याज मिळत नाही. पण ९६ हजारांसाठी अर्ज तरी करायचाच.

त्याआधी आज रात्रीच आयकराच्या पोर्टलवर जाऊन २६एएस हा टीडीएसचा तक्ता उघडा. कंपनीने कापलेला पैसा तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का, ते बघा. दिसत नसेल तर आधी कंपनीच्या अकाउंट्सला फोन.

आता ती पॉलिसी. मार्च महिन्यात, टॅक्स वाचवायला, रिटर्नच न भरणाऱ्या आणि कर शून्य असलेल्या व्यक्तीला विकली! विकणाऱ्याला दंडवत. तुमचा वाचलेला कर आहे शून्य रुपये. वर नव्या करप्रणालीत अशा हप्त्यावर वजावटच नाही. तुम्ही जोडलेल्या कागदावर १२ लाख भरून २२ लाख मिळतील असं दाखवलंय. त्याला ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणून खुश व्हायचं नसतं, वीस वर्षांवर ते साडेपाच टक्के पडतात. त्यातही बोनसचा भाग कागदावरचा अंदाज आहे, हमी नव्हे. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं. तुमच्यावर अवलंबून कुणी नाही, आईंना पेन्शन आहे असं पत्रात एका ठिकाणी आहे. मग हा विमा नेमका कुणासाठी?

मार्च २०२६ चा हप्ता भरू नका. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणारी रक्कम, विमा कंपनीकडून लेखी मागवा. तुमची पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ च्या आधीची, त्यामुळे त्यानंतरच्या पॉलिसींना मिळणारे बरे नियम तुम्हाला नाहीत. दोन हप्त्यांनंतर किमान ३० टक्के, म्हणजे ३६ हजार हातात येतील आणि ८४ हजार जातील. वाईट वाटेल. पण पॉलिसी चालू ठेवलीत आणि ते ३६ हजार व पुढचे अठरा हप्ते मिळून २२ लाख झाले, तरी साडेसहा टक्क्यांच्या आसपासच पडतात, तेही सगळा बोनस आला तर.

सुटलेल्या ६० हजारांतून पहिली गोष्ट दहा लाखांचा मेडिक्लेम. तुमच्या वयाला वर्षाला साधारण दहा-बारा हजार पडेल. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. रात्री एक वाजता मुंढव्याहून स्कूटरवर परत येणाऱ्या माणसाकडे २० वर्षांची एंडोमेंट (बचतीची विमा पॉलिसी) आहे आणि मेडिक्लेम नाही, हे वाचून मी चहा खाली ठेवला.

आता कॅमेरा. हातात महिन्याला साडेअठ्ठेचाळीस हजार, कामाचा खर्च साडेबारा, घराला तीस. उरले सहा. त्यातून पॉलिसीचे पाच गेले की राहतो एक हजार. ईएमआय आहे सतरा हजारांचा. एफडी मोडलीत तरी तो पावणेनऊ हजारांचा पडेल, आणि गाठीला काहीच राहणार नाही. ‘नो-कॉस्ट’वर विश्वास ठेवू नका. रोखीने घेताना मिळणारी सूट गेली, प्रोसेसिंग फी आली, व्याजावरचा जीएसटी आला. गिगमधून खर्च जाऊन उरतात ८० हजार. चार लाख दहा हजार वसूल व्हायला पाच वर्षं, तोवर ती बॉडी जुनी.

आणि वसूल कशातून? फुल फ्रेम आहे म्हणून बँड अडीचचे चार हजार देणार आहे का? पबमध्ये स्टेज हाताच्या अंतरावर असतं, तिथे ७०-२०० घेऊन तुम्ही ड्रमरच्या नाकपुड्याच टिपाल. तिथे ३५ किंवा ५० ची एफ १.८ प्राइम (झूम नसलेली, जास्त प्रकाश घेणारी लेन्स) लागते. तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्सच आहे, हे तुम्हीच लिहिलंय; ती प्रकाश कमी घेते. बराचसा नॉइज तिथून येतो. लाल एलईडीखाली चेहऱ्याचा तपशील उडतो, तो चार लाखांच्या बॉडीतही उडतो. फेस्टिव्हलच्या पिटमध्ये पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. तिथे ७०-२०० हवीच, मान्य. पण पिटचा पास आयोजकाच्या किंवा एखाद्या प्रकाशनाच्या कामावर मिळतो. गळ्यात काय लटकतंय ते बघून कुणी पास देत नाही. लेन्सचं भाडं दिवसाला १,८०० असं तुम्हीच लिहिलंय. सीझनमध्ये बारा दिवस धरले तर साडेएकवीस हजार.

‘ब्रँडची कामं येतील’ या आशेवर मी एक रुपयाही धरत नाही. पण एक गोष्ट तुमच्या हातात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून आणि पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे क्रेडिटवर फुकट काढलेले तुमचे फोटो तुमचे, आणि दोन हजार घेऊन काढलेले बँडचे किंवा पबचे! बिलावर एक ओळ घाला आणि आधी व्हॉट्सॲपवर होकार घ्या: कॉपीराइट फोटोग्राफरकडे, बँडला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापराची परवानगी. मी कॉलेजात असताना मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या रॉक संगीताच्या महोत्सवाला तासन्‌तास उभा राहिलोय. पुढे शांतता क्षेत्र म्हणून तिथले कार्यक्रम बंद झाले. त्या रात्रींचे फोटो ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आज कुणी ना कुणी मागायला येतंच. फोटो हातात असून हक्क नसेल, तर मागणाऱ्याला काय विकणार?

एफडी मोडू नका. दोन लाख म्हणजे तुमचा साडेसहा महिन्यांचा घरखर्च, आणि पावसाळ्यात गिग आटतात तेव्हा तोच लागेल. ५० ची एफ १.८ या महिन्यात घ्या, तेवढी रोखीने येते. २०२४-२५ चा रिफंड खात्यात आला की पुन्हा लिहा, तेव्हा सेकंडहँड बॉडीचा हिशेब करू. ७०-२०० तोवर भाड्याचीच.