पाऊस सरल्यावर घराभोवतीची कामं
वहिनी, इंदुरात पाऊस सरला की आधी गच्चीवर जा. पन्हळीत पावसाळाभराचा पाला अन् माती साचलेली असते. हातानं काढा, मग बादलीभर पाणी ओतून ते सरळ खाली उतरतंय का बघा. भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर लहान आहे तोवर मुळासकट काढा. मी दोन वर्षं राहू दिलं आणि शेवटी भिंत फोडावी लागली.

हिरवळ बुडापासून कापू नका, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशच. आपली माळव्याची काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून रोजच्या शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी, पण खोल मुरेल असं पाणी द्या. आंब्याच्या फक्त वाळक्या फांद्या काढा. हिरवे शेंडे छाटलेत तर मोहोर जाईल. पाला जाळू नका हं, खड्ड्यात शेणासोबत कुजवा.